आयफेल टॉवर आम्हाला फक्त खालून दाखवू नका

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली नेणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, सहली आखणारी मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या उन्हाळ्यातल्या युरोप सहलींची पुस्तिका नुकतीच घरी आली. ज्या कंपनीबरोबर मी आणि माझा थोरला भाऊ युरोपला जाऊन आलो, तिचीच ही पुस्तिका. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण आमच्या ओळखीतली जी जी माणसं वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर गेली, त्यांच्याकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकलं आहे. मुखपृष्ठावर आयफेल टॉवर. पॅरिसच्या पानावर पुन्हा आयफेल टॉवर, पानभर. आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की टॉवर बाहेरून दाखवला जाईल, फोटोसाठी बस थांबेल. वर जायचं असल्यास वेगळे पैसे, तेही वेळ आणि तिकिटं असतील तर. आम्ही गेलो तेव्हा निदान दुसऱ्या मजल्यापर्यंतचं तिकीट सहलीच्या किमतीत होतं. आता तेही काढून टाकलंत.

हे वाचल्यावर गप्प बसवेना.

मी साताऱ्याची. हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले. माझ्या भावाला, दादाला, शाळा फारशी लाभली नाही. त्याचं आयुष्य फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलं. कारखान्यांच्या छपरांचे ट्रस, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, सुरुवातीच्या वर्षांत रेल्वेच्या पुलांचे गर्डर. लालभडक तापवलेला रिव्हेट, म्हणजे लोखंडी भाग जोडणारी खीळ, भोकात घालून त्याचं डोकं बसवण्याचं काम तो तरुणपणी जुन्या कारागिरांच्या हाताखाली शिकला. पुढे सगळीकडे वेल्डिंग आलं आणि ते काम मागे पडलं. युरोपला जायचं ठरलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “टॉवरवर नेतात ना?” बर्फ, व्हेनिसच्या होड्या, लंडनची राणीची घरं, यातलं काही नसतं तरी त्याला चाललं असतं.

बुकिंगच्या वेळी मी कार्यालयात स्पष्ट विचारलं होतं, “टॉवरच्या अगदी वरपर्यंत ना?” “हो काकू, टॉवर इन्क्लुडेड आहे, काळजीच करू नका.” पैसे भरून झाल्यावर जे कागद हातात आले, त्यात ‘सेकंड लेव्हल’ असं छापलेलं होतं. फोन केला तर सांगितलं, तिथे गेल्यावर बघता येईल.

तिथे गेल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते. सकाळी बसमधून शहराची फेरी झाली. मग अत्तराच्या दुकानात नेलं. तिथे माहिती सांगणारी बाई होती, बसायला खुर्च्या होत्या आणि वेळ भरपूर होता. टॉवरपाशी पोहोचेपर्यंत दुपार उलटून गेलेली. बाहेरच्या काचेच्या भिंतीपाशी एक सुरक्षा तपासणी, आत लिफ्टच्या आधी दुसरी, मग लिफ्टची रांग. दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवताच सूचना आली: पाऊण तासात सगळे खाली हवेत, जेवणाची वेळ ठरलेली आहे. त्या पाऊण तासातला निम्मा वेळ खाली जाणाऱ्या लिफ्टच्या रांगेत जाणार होता. लोकांनी घाईघाईने फोटो काढले. दादा एका तिरक्या खांबापाशी उभा राहून रिव्हेटच्या डोक्यांवरून हात फिरवत होता. मग त्याला शिखराकडे जाणाऱ्या लिफ्टची रांग दिसली. त्याने आमच्या टूर मॅनेजरला विचारलं, “आपण यात नाही का?”

तो मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. त्याचा चेहरा उतरला. तिकीट दुसऱ्या मजल्याचंच होतं, तो तरी काय करणार. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत तो आमच्या बॅगा, औषधं, हरवलेले चष्मे आणि रुसवेफुगवे सांभाळत होता. वेळापत्रक त्याने आखलं नव्हतं.

दादाने कसलीही कुरकुर केली नाही. त्यानंतर त्याच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पुन्हा तेवढा प्रवास होईल असं डॉक्टरांनाही वाटत नाही. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

तक्रारींआधी एक गोष्ट मनापासून मान्य करते. मराठी माणसाला परदेश दाखवला तो तुम्ही. ज्यांना विमानतळावर कुठे उभं राहायचं ते माहीत नव्हतं, इंग्रजी बोलायची धास्ती होती, परक्या देशात जेवणाचं काय ही चिंता होती, त्यांना तुम्ही हात धरून नेलंत. एकट्या राहणाऱ्या बायका तुमच्या भरवशावर जग बघून आल्या. आमच्या गल्लीतल्या एका विधवा मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी खर्च केला तो तुमच्या सहलीवर. हा भरवसा आहे म्हणूनच तुमच्याकडे मागायला येते आहे. ‘एवढं होतं तर स्वतः तिकीट काढून जायचं’ असं मला कोणी म्हणेल. पण ज्यांना स्वतः जमत नाही, त्यांनीच तर तुमच्याकडे पैसे भरलेले असतात.

आता तक्रारी.

पहिली, कोणत्या मजल्यापर्यंत नेणार हे तुम्ही सरळ सांगत नाही. टॉवरला लोकांसाठी तीन मजले आहेत. पहिला सुमारे ५७ मीटरवर, दुसरा ११६ मीटरवर आणि शिखराचा २७६ मीटरवर. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर उभा असलेला माणूस शिखराच्या निम्म्या उंचीवरही पोहोचलेला नसतो. जाहिरातीत ‘आयफेल टॉवरवरून पॅरिस’ असं छापायचं आणि मजला आतल्या पानावर ठेवायचा, हे ग्राहकाशी सरळ वागणं नव्हे. माझं स्वतःचं मत विचाराल तर दुसऱ्या मजल्यावरून शहर जास्त चांगलं ओळखू येतं. सीन नदीचं वळण, पलीकडचा त्रोकादेरो चौक, अँव्हालिद या जुन्या वास्तूचा सोनेरी घुमट, लांब टेकडीवरचं साक्रे-कर चर्च, सगळं बोट दाखवून सांगता येतं. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांच्यासाठी तोच मजला बरा. सगळ्यांना शिखरावर न्या असं माझं म्हणणं नाहीच. कुठपर्यंत जायचं हे पैसे भरणाऱ्याला आधी कळावं आणि त्याने ते ठरवावं.

जून २०२४ मध्ये टॉवरची तिकिटं साधारण २० टक्क्यांनी वाढली, हे मला माहीत आहे. लिफ्टने शिखरापर्यंत जायला मोठ्या माणसाला २९.४० युरो पडायचे, ते ३५.३० झाले. दुसऱ्या मजल्याच्या आणि शिखराच्या तिकिटात साधारण बारा-तेरा युरोंचा फरक आहे. कित्येक लाखांच्या सहलीत हा फरक भरायला कोण नाही म्हणेल? पण आम्हाला कुणी विचारलंच नाही. आणि आता महागाईचं कारण देऊन टॉवरवर चढणंच कार्यक्रमातून काढलंत. किंमत वाढली तर ती सांगा, वाढवा, लोक आपापला विचार करतील. फोटो ठेवून चढणं काढून टाकणं मला मान्य नाही.

दुसरी तक्रार वेळेची. याचं उत्तर ठरलेलं असतं: बसचालकाचे तास संपतात. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि रोजच्या विश्रांतीचे तासही कायद्याने ठरलेले आहेत. नियम उत्तम आहे, आपल्याकडेही तो पाळला जावा असं मला वाटतं. पण त्या नियमाची झळ अत्तराच्या दुकानाला कधी लागत नाही, ती टॉवरलाच लागते. उन्हाळ्यात टॉवर मध्यरात्र उलटेपर्यंत उघडा असतो. जूनमध्ये पॅरिसला अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं वीस हजार दिवे टॉवरभर लुकलुकतात, आणि ते बघायलाच अर्धं जग तिथे येतं. त्या वेळी आपली मंडळी शहराबाहेरच्या हॉटेलात उद्याच्या बॅगा भरत असतात, कारण संध्याकाळी सातला जेवण आटोपून बस सोडून द्यायची असते. एक संध्याकाळ बसशिवाय आखता येणार नाही का? टॉवरजवळ बीर-हाकेम हे मेट्रोचं स्टेशन आहे, नदीकाठी उपनगरी रेल्वेचंही स्टेशन आहे. पन्नाशी-साठीतल्या आपल्या बायका मुंबईच्या लोकलमधून आयुष्यभर गेल्या आहेत. त्यांना पॅरिसच्या मेट्रोतून नेताना तुम्ही घाबरू नका.

तिसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी आहे. तिथे आम्हाला काही सांगितलंच जात नाही. बसमध्ये माइकवरून ऐकलं ते एवढं: टॉवर १८८९ सालचा आहे, उंच आहे, खिसेकापूंपासून सावध राहा, अमुक ठिकाणाहून फोटो छान येतो. खिसेकापूंचा इशारा हवाच, टॉवरच्या परिसरात तो त्रास खरोखर आहे. पण तेवढ्यावर थांबायचं?

दादाने मला जे दाखवलं ते सांगते. तो म्हणाला, हे स्टील नाही, हे जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड आहे, आणि एवढा सांगाडा रिव्हेटवर उभा आहे. १८,०३८ सुटे भाग आणि २५ लाख रिव्हेट. भाग पॅरिसच्या बाहेर लव्हाल्वा-पेरेच्या कारखान्यात अगदी मोजून, भोकं पाडून तयार होऊन यायचे. एखाद्या भागाचं माप चुकलं तर तो जागेवर तासत बसायचं नाही, कारखान्यात परत पाठवायचा. साधारण एक तृतीयांश रिव्हेट प्रत्यक्ष टॉवरवर बसवले गेले. एका रिव्हेटला चार माणसं लागायची: एक तापवणारा, एक तो भोकात धरून ठेवणारा, एक डोक्याला आकार देणारा आणि एक घण मारणारा. गरम रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन पत्रे घट्ट आवळून धरतो. हे सांगताना दादाचे हात आपोआप घण धरल्यासारखे झाले. अशाच चार माणसांच्या टोळीत त्याने स्वतः काम केलं होतं. आमच्या बसमधल्या कुणालाही हे कळलं नाही की ज्या कामासमोर आपण सेल्फी काढतो आहोत, ते काम केलेला माणूस आपल्याच गटात उभा आहे.

अजून सांगते. टॉवरचे चार पाय तिरके वर येतात आणि पहिल्या मजल्यापाशी आडव्या गर्डरांनी जोडले जातात. जमिनीपासून पन्नासएक मीटर उंचीवर चार बाजूंनी आलेली भोकं एकमेकांसमोर येणार कशी? टॉवर बांधणाऱ्या गुस्ताव्ह आयफेलच्या माणसांनी मचाणांवर वाळूने भरलेल्या पेट्या ठेवल्या होत्या आणि पायांशी पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक. वाळू थोडी सोडली की खांब केसभर खाली बसायचा, जॅक दाबला की वर यायचा. असं करत करत डिसेंबर १८८७ मध्ये ते चारही पाय जुळले. भूमितीच्या वर्गात मी वर्षानुवर्षं त्रिकोण शिकवले, पण हे उदाहरण मला तेव्हा माहीत असतं तर मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकली असती.

पहिल्या मजल्याच्या खालच्या पट्टीवर चारही बाजूंनी ७२ नावं कोरली आहेत. फ्रान्सचे शास्त्रज्ञ, अभियंते, गणिती. लाग्रांज, लाप्लास, कोशी, फूरिये, अँपिअर, कुलोम. अक्षरं मोठी आहेत, खालून वाचता येतात. विजेचा प्रवाह मोजताना आपली मुलं ज्या अँपिअरचं नाव घेतात, त्याचं नाव तिथे लोखंडावर आहे. आणि त्या ७२ जणांत एकही बाई नाही. सोफी जेर्मां या गणितज्ञ बाईला कंप पावणाऱ्या पातळ पत्र्यांच्या गणितासाठी १८१६ मध्ये फ्रेंच अकादमीचं पारितोषिक मिळालं होतं. असल्या सांगाड्यांच्या अभ्यासाशी नातं सांगणारं ते गणित. तिचंही नाव तिथे नाही. अलीकडे स्त्री-शास्त्रज्ञांची नावं लावण्याचा प्रस्ताव पॅरिस महापालिकेने पुढे आणला आहे. आमच्या गटात दोन माजी शिक्षिका, एक निवृत्त वीज मंडळ कर्मचारी आणि अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी होती. या नावांपाशी आम्हाला दहा मिनिटं थांबवलं असतं तर त्या मुलीला तो दिवस जन्मभर आठवला असता.

टॉवर उभा राहायच्या आधीच पॅरिसच्या नामवंत लेखक-कलावंतांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून त्याला विरोध केला होता. त्याला परवानगीही वीसच वर्षांची होती. १९०९ नंतर तो मोडून टाकता आला असता. मग आयफेलने त्याचा उपयोग विज्ञानाला करून दिला. दुसऱ्या मजल्यावरून वस्तू खाली सोडून हवेचा विरोध मोजला, खाली हवेचा झोत सोडून प्रयोग करण्यासाठी वाऱ्याचा बोगदा बांधला आणि लष्कराला बिनतारी संदेशांच्या प्रयोगांसाठी शिखर दिलं. बिनतारी यंत्रणेसाठी एवढी उंच जागा दुसरी नव्हती, म्हणून टॉवर राहिला. शिखरावर आयफेलची छोटी खोली आजही आहे. त्यात तो, त्याची मुलगी क्लेअर आणि पाहुणा आलेला एडिसन यांचे मेणाचे पुतळे आहेत. दादाला त्या खोलीची काच बघायची होती, आणखी काही नाही. आणि हो, टॉवरची पहिली कल्पना आयफेलची नव्हतीच. त्याच्या कंपनीतल्या मोरिस केशलँ आणि एमिल नुगिए या दोन अभियंत्यांनी ती १८८४ मध्ये कागदावर मांडली. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “शेडमध्येपण असंच असतं.”

यातलं काहीच दुर्मीळ नाही. तुमच्या मुलांना हे शिकवायला एक दुपार पुरेल.

चौथी तक्रार वयस्कर आणि अपंग प्रवाशांची. तुमच्या सहलींत साठीच्या पुढची माणसं निम्म्याहून कमी नसतात, पण टॉवरवर किती वेळ उभं राहावं लागेल, बसायला कुठे मिळेल, यातलं काही आधी सांगितलं जात नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला लिफ्टने पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जाता येतं. शिखरावर सुरक्षिततेसाठी नेत नाहीत. हे बुकिंगच्या टेबलावरच सांगायला हवं. आमच्या गटातल्या एका काकांना तिथे पोहोचल्यावर कळलं की आपण बसमध्येच थांबलेलं बरं. याच्या उलट बाजूचीही माणसं असतात. दक्षिणेकडच्या पायातून दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, त्यांचं तिकीट लिफ्टपेक्षा स्वस्त असतं, आणि पायऱ्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन पुढे लिफ्टने शिखर गाठण्याचंही तिकीट मिळतं. अजिंक्यतारा आणि सज्जनगड चढणारी आमची साताऱ्याची पोरं त्या पायऱ्या हसत चढतील, आणि सांगाड्याच्या आतून तो टॉवर जसा दिसतो तसा लिफ्टमधून कधीच दिसत नाही. हा पर्याय तुमच्या कुठल्याही पुस्तिकेत मला आढळला नाही.

पाचवी गोष्ट थोडक्यात. टॉवर बंद राहू शकतो. वारा जोराचा असला की शिखर बंद होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या संपामुळे तो सहा दिवस बंद होता. जुलै २०२५ च्या सुरुवातीला उष्णतेच्या लाटेत शिखर बंद ठेवलं होतं. यात तुमचा दोष नाही. पण अशा दिवशी तिकिटाचे पैसे परत मिळणार की नाही, की दुसऱ्या दिवशी नेणार, याविषयी कागदावर एक ओळ नसते.

आता मागण्या. साध्या भाषेत लिहिते.

टॉवरवर चढणं सहलीच्या मूळ किमतीत परत आणा. ज्याला नको असेल त्याला ते वगळण्याची मोकळीक द्या, आजच्या उलट.

कुठल्या मजल्यापर्यंतचं तिकीट आहे हे पॅरिसच्या पानावर, फोटोच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत छापा. शिखराचं तिकीट हवं की दुसऱ्या मजल्याचं, की पायऱ्यांचं, हे बुकिंगच्या अर्जावर विचारा आणि फरकाची रक्कम तिथेच घ्या. सर्वसामान्य माणसाला लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधीपासून काढता येतात. तुमच्या सहलींच्या तारखा तर त्याच्या कितीतरी आधी ठरलेल्या असतात. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द तुमच्यासारख्या अनुभवी कंपन्यांना शोभत नाही.

पहिल्या तपासणीपासून खाली उतरेपर्यंत किमान अडीच तास टॉवरला द्या, आणि त्या दिवशी खरेदीचं दुकान कार्यक्रमात असेल तर आधी त्याची वेळ कापा. पॅरिसच्या मुक्कामातली एक संध्याकाळ अंधार पडेपर्यंत टॉवरजवळ राहील अशी आखा. ज्यांना थकवा येतो त्यांना आधी हॉटेलवर सोडा. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होऊ शकतात.

टूर मॅनेजरांना टॉवरविषयी नीट माहिती द्या. त्यासाठी मराठीत आठ-दहा पानांची पुस्तिका लागेल, तर ती मी लिहून देते, पैसे नकोत. रिव्हेटची, पायांच्या जुळणीची बाजू दादा तपासून देईल. साताऱ्यात, सांगलीत, पिंपरी-चिंचवडमध्ये असं काम केलेली निवृत्त माणसं पुष्कळ आहेत, त्यांना विचारलंत तर आनंदाने सांगतील.

किती चालावं लागेल, किती उभं राहावं लागेल, चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते, हे लेखी द्या. टॉवर किंवा शिखर बंद असेल तर किती दिवसांत किती पैसे परत, हेही लेखी द्या.

हे पत्र वाचणाऱ्या आणि पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग करायला निघालेल्या मंडळींना एक विनंती. कार्यालयात जाल तेव्हा कोणता मजला, किती तास, शिखराचं तिकीट काढाल का आणि बंद असेल तर पैशांचं काय, हे विचारा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, पावतीवर लिहून घ्या. चार जणांनी विचारलं तर टाळता येईल, चारशे जणांनी विचारलं तर छापावं लागेल.

तुमच्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती छापायला जाण्याआधी या पत्राचं उत्तर द्यावं. उत्तर मला खासगीत नको. तुमच्या जाहिराती जिथे येतात, तिथेच द्या, म्हणजे ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना सगळ्यांना ते वाचता येईल.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
सातारा